आपल्या यादीत नसलेलं पुस्तक

(स्नेहमेळाव्यातलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडं आवरून घेतलं आहे.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगणक क्षेत्रातील संधी' असं छापलंय. संयोजकांना विचारून मी विषय बदलला आहे. त्या संधींची माझ्यापेक्षा ताजी माहिती या मुलांच्या फोनमध्ये आहे. मला बोलायचंय ते आपण शाळेच्या वाचनालयाला देणार असलेल्या पुस्तकांच्या यादीबद्दल.

यादी आपल्या ग्रुपवर फिरली आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी ती सावकाश वाचली. स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं आहेत, थोरामोठ्यांची चरित्रं आहेत, यशस्वी कसं व्हावं हे सांगणारी सात-आठ पुस्तकं आहेत. कशालाच नाव ठेवण्यासारखं नाही. पण सोळा वर्षांच्या मुलीला एखादं काम आवडतं, ती ते शिकायला जाते, तिथे तिची फजिती होते, एक मैत्रीण रुसते, एक मुलगा उगाचच आवडतो आणि शेवटी काम जमायला लागतं, असं दोन दिवसांत संपणारं हलकंफुलकं पुस्तक एकही नाही. आणि मला तर त्यातलंही एक अगदी नेमकं हवंय: फॅशनच्या क्षेत्रात जायला निघालेल्या मुलीचं.

हसलात ना? हसा. पण पुढची वीस मिनिटं मी याच मागणीचं समर्थन करणार आहे.

आपल्या लहानपणी वाचनालयाच्या कपाटात काय होतं ते आठवा. 'श्यामची आई' होती, ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' होता, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे होता आणि 'किशोर'चे जुने अंक होते. फुरसुंगीचा बन्या फेणे सायकलवर टांग मारून कुठेही जायचा. आपण मुलीही त्याच्या मागून गेलो, मजेत गेलो. पण मुलगी एखादा धंदा शिकते, त्यात पैसे किती मिळतात, कोण फसवतं, घरी काय सांगायचं, असलं काही त्या कपाटात माझ्या हाती लागलं नाही. बायकांची चरित्रं होती. त्यांतल्या बायका इतक्या मोठ्या होत्या, की त्यांच्यासारखं व्हायचं असं मनात येण्याआधीच आपण पुस्तक मिटून नमस्कार करायचो.

इंग्रजीत अशा पुस्तकांची जुनी परंपरा आहे. १९३६ साली नोएल स्ट्रेटफील्ड या बाईंनी 'बॅले शूज' लिहिलं. तीन दत्तक बहिणी, घरात पैशाची चणचण, म्हणून नाटक-नृत्याच्या शाळेत जातात. एक नटी होते, एक नर्तकी. मधली पेट्रोव्हा मात्र स्टेजला कंटाळलेली. तिचं मन मोटारी आणि विमानांत. इंजिनिअरिंगला गेलेल्या माझ्यासारखीला ती का आवडली हे सांगायला नको. त्या पुस्तकाची खरी गंमत अशी, की त्यात हिशेब आहेत. ऑडिशनच्या फ्रॉकला पैसे कुठून आणायचे, बारा वर्षं पूर्ण झाल्यावर काम करायचा परवाना कसा काढायचा, मिळालेल्या पगारातले किती बाजूला टाकायचे. वाचणाऱ्या मुलीला गोष्टही मिळते आणि धंद्याची आतली रचनाही कळते, तीही कोणी शिकवतंय असं न वाटता.

फॅशनवरचंच म्हणाल तर सोफिया बेनेट यांचं 'थ्रेड्स' आहे, २००९ सालचं. लंडनच्या तीन शाळकरी मैत्रिणी आणि युगांडातल्या यादवीतून तिथे आलेली क्रो नावाची बारा वर्षांची मुलगी. ती मुलगी कपडे असे शिवते की बघणारे थक्क होतात. पुस्तक हलकं आहे. पार्ट्या आहेत, सिनेनटी आहेत, बुटांच्या वर्णनांना तर अंत नाही. पण त्याच पानांत घरापासून तुटलेलं मूलही आहे. हलक्या पुस्तकात जड गोष्ट मावते याचा हा चांगला दाखला. माझ्या भाचीने ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "मावशी, असं आपल्याकडचं नाही का?"

त्यावर मी विचार करायला लागले आणि माझ्या लक्षात आलं, की आपल्याकडचं म्हणजे मुंबईचंसुद्धा नव्हे. हे पुस्तक घडायला बोईसरसारखी जागा नाही.

कारण असं. या सगळ्या कादंबऱ्यांत फॅशन कागदावर सुरू होते. मुलगी वहीत चित्रं काढते, कोणी मोठं माणूस ती वही बघतं आणि शेवटच्या प्रकरणात रॅम्प. मधलं कापड आकाशातून पडतं. 'द डेव्हिल वेअर्स प्राडा' सिनेमा तुम्ही पाहिला असेल, २००६चा. त्यात मेरिल स्ट्रीप नव्या सेक्रेटरीला तिच्या निळ्या स्वेटरवरून सुनावते. तो निळा रंग कोणत्या बड्या डिझायनरने आधी निवडला, मग तो खाली उतरत उतरत स्वस्त दुकानातल्या टोपलीत कसा आला, ते सांगते. बोलणं झकास आहे. पण बोईसरच्या माणसाने तो प्रसंग पाहिला तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येईल: तो निळा जुळवला कोणी?

आपण या प्रश्नाच्या शेजारी वाढलो. तारापूर एमआयडीसी म्हटलं की बाहेरच्यांना अणुवीज केंद्र आठवतं, १९६९ पासूनचं. आपल्याला पहिल्या पाळीचा भोंगा आठवतो, आणि नाक्यावर उभी असलेली, बोटांच्या नखांत रंग अडकलेली माणसं. सियाराम, डी'डेकॉर अशा मोठ्या नावांचे कारखाने इथे आहेत, त्याशिवाय कितीतरी लहान-मोठी प्रोसेस हाऊसेस आहेत. भिवंडीच्या यंत्रमागावरून निघालेलं कापड मळकट, पिवळट, खळ लावलेलं असतं. त्याला 'ग्रे' म्हणतात. ते ट्रकमधून येतं. इथे त्याचं लव जाळतात, खळ काढतात, सोड्यात उकळतात, ब्लीच करतात आणि मग रंगवतात. सुती कापडाला साठेक अंश तापमानाला मीठ-सोड्यात रंग धरतो. पॉलिस्टरला बंद जेट मशीनमध्ये दाबाखाली एकशे तीस अंश द्यावे लागतात. शेवटी स्टेंटर. दोन्ही कडांना पिनांनी धरून कापड गरम हवेतून ओढत नेतात आणि त्याचा पन्हा पक्का करतात. तुमच्या अंगावरच्या कुर्त्याचा पन्हा कुठेतरी कोणीतरी असा ओढून धरलेला आहे.

आपल्या 'ब' तुकडीतला एक मित्र वीसेक वर्षं शेड मॅचिंगच्या लॅबमध्ये आहे. इथेच बसलाय, नाव घेतलं तर पळून जाईल. त्याच्याकडून मी जे ऐकलंय ते एका अख्ख्या प्रकरणाचं सामान आहे. गिऱ्हाईक पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा पाठवतं आणि म्हणतं, हा रंग हवा. लॅबमध्ये पाच-दहा ग्रॅम कापडावर तीन-चार रेसिपी करून बघतात. मग ते तुकडे एका काळ्या-करड्या पेटीत ठेवतात. त्या पेटीत एक दिवा दिवसाच्या उजेडासारखा, एक दुकानातल्या ट्यूबसारखा, एक पिवळ्या बल्बसारखा. बटणं बदलत बघायचं. कधी असं होतं, की एका दिव्यात दोन तुकडे जुळे भाऊ वाटतात आणि दुसऱ्यात अनोळखी. दोन वेगळ्या रंगद्रव्यांच्या मिश्रणांतून डोळ्याला एकच रंग दिसू शकतो, पण फक्त एका उजेडात. पालघरच्या बाजारात आपल्या आया साडी घेताना दुकानाच्या पायरीवर, उन्हात नेऊन बघायच्या आणि दुकानदार तोंड वाकडं करायचा. शास्त्र आयांच्या बाजूचं होतं.

आणि एवढं करून लॅबमधला तुकडा मंजूर झाला, तरी मोठ्या लॉटमध्ये तोच रंग येईल याची खात्री नाही. पाणी बदललं, तापमान चढायला दहा मिनिटं उशीर झाला, ग्रे वेगळ्या मागावरचं आलं, की रंग सरकतो. एकदा पहाटे तीनला मशीन उघडल्यावर 'पोपटी' मागवलेला लॉट 'शेवाळी' निघाला तेव्हाची गोष्ट तो सांगतो, ती त्याच्याच तोंडून ऐका. मला एवढंच म्हणायचंय, की कादंबरीतल्या मुलीने पहिल्या प्रकरणात वहीत चित्र काढण्याऐवजी, डबा द्यायला म्हणून वडिलांच्या लॅबमध्ये जाऊन ती पेटी बघितली, तर आपल्याला कुणाच्याही कादंबरीत नसलेली सुरुवात मिळते.

आता थोडं माझ्या कामाचं, कारण विषयाला धरून आहे. मी सॉफ्टवेअर लिहिते आणि त्यातली काही वर्षं कपडे कापायच्या आराखड्यांच्या प्रोग्रॅमवर गेली. मराठीत 'बेतणं' हा फार सुंदर शब्द आहे. कापड बेततात आणि लग्नाचा बेतही ठरतो. दोन्हीत हातात आहे तेवढ्यात सगळं बसवायचं असतं. शर्टाचे पुढचे दोन भाग, पाठ, बाह्या, कॉलर, पट्ट्या असे वीस-बावीस तुकडे, त्यात पाच मापं. हे सगळं दीड मीटर पन्ह्याच्या कापडावर असं मांडायचं की चिंध्या कमीत कमी उरतील. उभं-आडवं सूत पाळायचं, चौकडा असेल तर चौकडा जुळवायचा, तुकडा मनाला येईल तसा फिरवायचा नाही. गणिताच्या भाषेत हा प्रश्न फार अवघड वर्गात मोडतो. तुकडे वाढले की सर्वोत्तम मांडणी शोधायचा झटपट मार्ग कोणालाच माहीत नाही. सॉफ्टवेअर बऱ्यापैकी उत्तर देतं. तरीसुद्धा सर्वसाधारणपणे शंभर मीटर कापडामागे दहा-पंधरा मीटर चिंध्यांत जातं. एखादा जुना कटिंग मास्टर पडद्याकडे बघून म्हणतो, "ती बाही उलटी करून मुंढ्यात सरकवा," आणि आमचा प्रोग्रॅम अर्ध्या टक्क्याने हरतो. अर्धा टक्का म्हणजे मोठ्या ऑर्डरमध्ये खूप कापड.

हे मी का सांगतेय? कारण "फॅशन म्हणजे अभ्यास नको असलेल्या मुलींचं काम" हे वाक्य मी पालघर ते विरारच्या लेडीज डब्यात अनेकदा ऐकलंय. सपाट कापडातून खांद्याचा गोल काढायचा, टक्स कुठे टाकायचा, उरेब कापलं की कापड का लोंबतं, एका मापावरून बाकीची मापं कशी वाढवायची, ही भूमिती आहे. खांदा आणि छाती एकाच प्रमाणात वाढत नाहीत. म्हणून तर दुकानातला 'एम' मापाचा कुर्ता आपल्यापैकी अर्ध्या जणींना दंडात घट्ट होतो. आपण आजवर बाहेरून आलेल्या मापांवर कपडे शिवत आलो. भारतीय अंगाची मापं ठरवायला निफ्टने सहा शहरांत पंचवीस हजारांवर माणसं त्रिमितीय स्कॅनरने मोजायचा प्रकल्प हाती घेतला. त्यात काम करायला शिवणही कळावं लागतं आणि संख्याशास्त्रही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं खरं, पण मराठी मुलीने फॅशनमध्ये जाऊन काही केल्याचं उदाहरण दाखव. दाखवते. कादंबरीकाराने कल्पनेने रचलं असतं तर आपण 'फारच जुळवून आणलंय' म्हणालो असतो, असं ते उदाहरण आहे.

२८ एप्रिल १९२९ ला कोल्हापुरात भानुमती राजोपाध्ये जन्मली. वडील अण्णासाहेब चित्रकार. ते मुलीच्या लहानपणीच गेले. मुलगी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली. त्या काळातल्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांबरोबर तिची चित्रं प्रदर्शनात लागली. चित्रकार म्हणून नाव होण्याची सगळी चिन्हं होती. पण पोटासाठी ती 'ईव्हज वीकली' या बायकांच्या साप्ताहिकात फॅशनची रेखाटनं करायला लागली. पुढे तिथल्या संपादिकेने बुटिक काढलं आणि हिला म्हणाली, तू काढतेस ते शिवूनच दाखव. बुटिकमध्ये नट्या यायला लागल्या, नर्गिस त्यांत होती. तिथून १९५६ च्या 'सीआयडी'पासून सिनेमाचे कपडे. पुढचं माहीत आहे: भानू अथैया, 'गांधी'साठी १९८३ साली ऑस्कर, जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून. ऑस्कर मिळालेली पहिली भारतीय व्यक्ती. म्हणजे क्रिकेट नाही, विज्ञान नाही, शिवणकाम!

मला यात ऑस्करपेक्षा दोन बारीक गोष्टी आवडतात. पहिली, १९६८ च्या 'ब्रह्मचारी'त मुमताजने नेसलेली केशरी साडी. नेसलेली म्हणायची पद्धत. खरं तर ती शिवलेली होती, निऱ्या पक्क्या केलेल्या, चेन लावलेली, म्हणजे कितीही नाचलं तरी सुटणार नाही. हे डिझाइन कुठल्याही अभियंत्याने मान डोलवावी असं आहे. अडचण काय ती ओळखली, सौंदर्य जसंच्या तसं ठेवलं आणि आत यंत्रणा लपवली. दुसरी गोष्ट, २०१२ मध्ये त्यांनी ती ऑस्करची बाहुली नीट जपली जावी म्हणून अकादमीला परत दिली. वय झालं होतं, आपल्यामागे ती कुठे पडेल याचा भरवसा नव्हता. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्या गेल्या. आपल्याकडच्या वस्तू जपायच्या सवयींबद्दल त्या एका कृतीने जे सांगितलं ते मी इथे ताणत नाही, जेवायचं आहे अजून.

अलीकडचं हवं असेल तर मध्य प्रदेशातल्या विदिशासारख्या गावातून निघालेल्या वैशाली शडांगुळे आहेत. २०२१ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या हॉट कुटूर सप्ताहात त्यांचे कपडे आले, तिथे पोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला डिझायनर. त्यांचं भांडवल हातमागाचं कापड.

आता आपली मुलगी. समजा ती बोईसरची. एलिमेंट्रीला 'ए', इंटरमिजिएटला 'ए', दहावीला त्याचे वाढीव गुण. आणि मग चित्रकला बंद! या सभागृहात अशा किती जणी आहेत, हात वर करा. बघा. मागच्या रांगेतल्यांनी आत्ता मोजलं असेल. वाढीव गुण घ्यायचे आणि हात थांबवायचा, ही आपल्या शाळांची ठरलेली रीत आहे. कादंबरी इथे सुरू व्हायला हवी, कारण खरी झुंज इथे आहे.

घरी काय बोलणी होतील ती तुम्हाला तोंडपाठ आहेत. आई म्हणेल, "ब्लाउज शिवायला एवढं शिकायचं?" बाबा म्हणतील, "आधी डिग्री घे, मग छंद कर." शेजारची काकू वीस वर्षं खिडकीत मशीन टाकून ब्लाउज शिवतेय. तिच्या पाठीचं काय झालंय आणि तिला एका ब्लाउजचे किती मिळतात हे सगळ्या आळीला दिसतंय. त्यामुळे आईचं बोलणं अडाणीपणाचं नाही. तिने जे पाहिलंय ते खरं आहे. चांगल्या लेखिकेने आईला खलनायिका करू नये. मला तर त्या काकूचंच पात्र सगळ्यांत मोठं हवंय. ती मापाची टेप न लावता नुसतं बघून खण कमी पडेल का सांगते. मुलीची पहिली गुरू तीच, आणि मुलगी शिकून आल्यावर तिच्याशी कशी वागते, हा पुस्तकाचा कस.

आणि पैसे. 'बॅले शूज'सारखे पैसे सांगायला हवेत. निफ्टची चार वर्षांची फी दहा लाखांच्या वर जाते. मुंबईचं केंद्र खारघरला, बोईसरहून रोज जाऊन-येऊन जमणारं नाही, म्हणजे वसतिगृह वेगळं. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी फीसवलतीची योजना आहे. निफ्टचा बी. एफ. टेक. हा तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आहे, त्याला बारावीचं गणित लागतं, हे किती जणांना माहीत आहे? राज्याची एएसी-सीईटी देऊन जे. जे.त टेक्सटाइल डिझाइनला जाता येतं. इचलकरंजीला डीकेटीईमध्ये टेक्सटाइल इंजिनिअरिंग आहे. एसएनडीटीचं जुहूचं पॉलिटेक्निक आहे. आणि यांतलं काहीच झेपत नसेल, तर सरकारी आयटीआयत शिवणकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. त्याला नाक मुरडायची गरज नाही. सॅम्पल शिवणारा चांगला हात मिळत नाही म्हणून अडलेले कारखाने मी पाहिलेत. ही माहिती मी भिंतीवरच्या तक्त्यावर लावली तर कोणी वाचणार नाही. गोष्टीतली मुलगी फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत रांगेत उभी राहिली, तर प्रत्येक मुलगी ते वाचेल आणि दाखला आधीच काढून ठेवेल.

गाडी तर हवीच. २०१३ ला लोकल डहाणूपर्यंत आली, त्याआधीची शटल आणि फ्लाइंग राणीचे डबल डेकर डबे आपल्याला माहीत आहेत. लेडीज डब्यासारखं फॅशनचं बाजारपेठ-संशोधन कुठे नाही. विरार येईपर्यंत कानातली, क्लिपा, लेगिंग्ज, कुर्त्या सगळं डोळ्यांखालून जातं आणि कुठल्या रंगाला हात आधी जातो ते फुकट बघायला मिळतं. दागिन्यांवरून आठवलं, चिंचणी-तारापूरच्या घराघरांत दागिन्यांचे साचे हाताने कोरणारे डायमेकर आहेत. पोलादाच्या ठोकळ्यावर उलटी नक्षी कोरायची, म्हणजे दागिन्यावर ती सुलटी उठेल. हे काम टिकवून धरलेल्यांपैकी दोघे आपल्याच शाळेचे.

दोन अवघड गोष्टी पुस्तकातून वगळायच्या नाहीत. एक म्हणजे पाणी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सगळ्यांत वर होतं. आपण कशात तरी पहिले आलो! त्यात रसायनांचे, औषधांचे, पोलादाचे कारखाने आहेत, आणि कापडाचेही. किनाऱ्यावरच्या मासेमारांसाठी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. कादंबरीतल्या मुलीची जिवलग मैत्रीण मुरब्याची किंवा नवापूरची असू दे. ती एक दिवस विचारील, "तुझा या वर्षीचा फॅशनचा रंग कोणता, ते मला खाडीत आधीच कळतं." यावर मुलीने काय उत्तर द्यावं हे मला माहीत नाही. तिच्याकडे ते लगेच नसावं. पण कमी पाण्यात रंगवायचं कसं हा प्रश्न घेऊन ती शिकायला गेली, तर तिला रॅम्पपेक्षा चांगलं ध्येय मिळेल.

दुसरी म्हणजे वारली. चौकातल्या दुकानात वारली छापलेल्या कुर्त्या, पिशव्या, चादरी लटकतात. ते चित्र मुळात लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. मध्ये चौकात पालघट देवी, आणि धवलेरी गाणी म्हणून लग्न लावते. डहाणूजवळच्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशांनी ते कागदावर आणून जगभर नेलं, २०११ ला पद्मश्री झाले. २०१४ ला वारली चित्राला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी छापखान्यात नाचणारी माणसं कोण काढतं आणि पैसे कोणाला मिळतात, हा प्रश्न उरतोच. फॅशन शिकलेल्या मुलीला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात साहेब म्हणणार, "तू पालघरची ना? मग एक वारली कलेक्शन करून टाक." तिथे ती काय करते? देवी कुर्त्याच्या खालच्या काठावर, पायांशी छापायची का? मला हे प्रकरण वाचायची फार उत्सुकता आहे.

एवढं सगळं घालून ते हलकं कसं राहील, असं कोणी म्हणेल. राहील. आपलं बोईसरचं जगणंच तसं आहे. पाणी खराब, गाडी लेट, पाळी रात्रीची, आणि तरी नवरात्रात नऊ दिवसांचे नऊ रंग चुकत नाहीत. ऑफिसला जाणारी बाई पहाटे पाचला पिवळी ओढणी शोधत घर डोक्यावर घेते. ती हलकी बाई नव्हे.

तर माझी मागणी. यादीतली यशस्वी व्हायची दोन पुस्तकं तरी कमी करू. बाई, रागावू नका, ती तुम्ही सुचवलेली नाहीत हे मी विचारून घेतलंय. त्या पैशांत गोष्टीची पुस्तकं घेऊ, इंग्रजीतली आणि मराठीतली, ज्यांत मुलं-मुली कामं शिकतात. आणि फॅशनवरचं, इथलं, मराठी पुस्तक तयार मिळत नसल्यामुळे ते लिहून घ्यावं लागेल. आपल्यातली एक मैत्रीण दिवाळी अंकांत कथा लिहिते. ती तयार आहे. तिची अट एकच, की तिला खरी माहिती हवी. रेसिपी कशी लिहितात, रात्रपाळीला चहा कधी येतो, ब्लाउजचे आज किती घेतात, डायचा ठोकळा केवढ्याला पडतो, फॉर्म भरताना कुठला कागद अडतो.

जेवणानंतर तीन वाजता चित्रकलेच्या वर्गात बसतोय. शिपाईदादांकडून किल्ली घेतली आहे. प्रोसेस हाऊसवाले, डायमेकर, शिवणाऱ्या आणि शिवून घेणाऱ्या, सगळ्यांनी या. इंटरमिजिएटला 'ए' मिळालेल्या नववी-दहावीच्या मुलींनी आपापली वही घेऊन या, चित्रांची. आणि 'ब' तुकडीतल्या मित्रा, तू तो पोपटीचा शेवाळी झालेला तुकडा जपून ठेवलायस असं म्हणाला होतास. घरी असेल तर स्कूटरवर जाऊन घेऊन ये. बाई म्हणताहेत, उन्हात नेऊन बघू.